हिमालयात जाताना दोन दिवस हाताशी ठेवा

नांदेडच्या विष्णुपुरी परिसरात अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, विद्यापीठही जवळच आहे. हिवाळी परीक्षा आटोपल्या की अशा ठिकाणी हिमालयाचे बेत शिजू लागतात. कुणाला केदारकांठा करायचा असतो, कुणाला ब्रह्मताल किंवा कुआरी खिंड, तर कुणाला मनालीला जाऊन नुसता बर्फ पाहायचा असतो. उन्हाळ्यात हेमकुंड साहिबला निघणारी मंडळी वेगळी. त्यांचा ओढा श्रद्धेचा असतो. या दोन्ही गटांचा बेत मात्र एकाच ठिकाणी सुरू होतो, रेल्वेच्या आरक्षणापाशी. सचखंड एक्स्प्रेसचे जाण्या-येण्याचे आरक्षण ६० दिवस आधी खुले होते, त्या तारखांवर रजा टाकली जाते आणि मधला एकूण एक दिवस प्रवासाने, चढाईने नाहीतर दर्शनाने भरून टाकला जातो. उंच डोंगरातल्या हवेचा भरवशाचा अंदाज मात्र चार-पाच दिवसांपलीकडचा मिळत नाही. म्हणजे अमुक तारखेला अमुक उतार ओलांडायचा, हे आपण दोन महिने आधीच, त्या दिवशी तिथे काय असेल याची काहीही कल्पना नसताना ठरवून बसतो. माझे म्हणणे असे की हिमस्खलनापासून वाचण्याची मोठी तयारी बर्फात पाऊल टाकल्यावर होत नाही. ती नांदेडमध्ये, तिकीट काढतानाच होते किंवा हुकते. बूट, जॅकेट, मायक्रोस्पाइक्स यांची यादी प्रत्येक जण करतो. त्या यादीच्या माथ्यावर दोन मोकळे दिवस लिहायला हवेत.

हे पटण्यासाठी बर्फ सुटतो कसा ते आधी समजून घ्यावे लागेल. हिमस्खलन म्हणजे अचानक वरून कोसळणारी, कुणाच्याच हातात नसलेली आपत्ती, अशी आपली समजूत असते. आपोआप सुटणारी स्खलने असतातच. पण युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या अपघातांच्या अभ्यासात पुन्हा पुन्हा असे दिसले आहे की डोंगरात फिरायला गेलेली माणसे जेव्हा बर्फाखाली दगावतात, तेव्हा दहापैकी साधारण नऊ वेळा तो बर्फ त्यांच्या स्वतःच्या किंवा त्यांच्याच सोबत्याच्या वजनाने सुटलेला असतो. बर्फ हिवाळाभर थराथराने साचतो. जमिनीलगतचा बर्फ त्या मानाने उबदार आणि वरची हवा कडाक्याची थंड, अशी तफावत बरेच दिवस राहिली तर आतल्या कणांची एकमेकांवरची पकड जाते आणि खाली सुट्या, खरखरीत दाण्यांचा थर तयार होतो. त्यावर नवा बर्फ पडतो, वारा तो दाबून घट्ट करतो. ज्वारीच्या दाण्यांवर शहाबादी फरशी तिरकी ठेवावी, तशी ही रचना असते. फरशी काही काळ जागेवर राहते, पण तिच्यावर पाय पडला की काय होईल हे सांगायला नको. फरक एवढाच की डोंगरातली फरशी शंभर मीटर रुंद असू शकते आणि तिच्यावर उभ्या माणसाच्या वरही ती तडकते, त्यामुळे बाजूला उडी मारून सुटायला जागा उरत नाही.

हा थर वाटेल तिथे घसरत नाही, आणि सामान्य प्रवाशाच्या हाती असलेले सर्वांत मोठे ज्ञान हेच आहे. बहुतेक धोकादायक स्खलने ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात. २५ अंशांखाली असा थर क्वचितच सुटतो, आणि अगदी उभ्या कड्यांवर बर्फ मुळात साचून राहत नाही. चालायला मजेदार वाटणारा, फार उभा नाही आणि फार सपाट नाही असा उतारच घातक ठरतो. कोन ओळखायला डोळा मात्र फसतो, म्हणून त्याला आधी सराव द्यावा. मोबाइलमध्ये कोन मोजणारे ॲप घ्या आणि वसतिगृहाचा जिना मोजा. बहुतेक जिने तिशीच्या आसपास निघतात. माहूरला गेलात तर तिथल्या डोंगरउतारांचा आधी नजरेने अंदाज बांधा, मग काठी उताराच्या दिशेने, वरून खाली अशी टाकून तिच्यावर मोबाइल ठेवा आणि अंदाज किती चुकला ते पाहा. बर्फात हीच सवय कामी येते. मात्र पायाखालचा उतार मोजून भागत नाही, डोक्यावरचाही पाहावा लागतो. वाट सपाट असली आणि तिच्या वर ३५ अंशांचा बर्फाळ उतार उभा असला, तर तुम्ही धोक्यातच चालत आहात.

उतार बदलत नाही, बर्फ बदलतो, आणि इथे वेळेचा प्रश्न येतो. हिमालयात हिवाळ्यातला बहुतेक बर्फ भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी झंझावातांतून पडतो. मराठवाड्यातल्या वाचकाला ही हवा अनोळखी नाही. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये लातूर-नांदेडसह मराठवाड्यात गहू, हरभरा आणि द्राक्षबागा झोडपणारी गारपीट झाली, तिच्यामागे उत्तरेकडच्या अशाच झंझावातांचा आणि समुद्रावरून येणाऱ्या दमट वाऱ्यांचा मेळ होता. आपल्याकडे ढग दाटून रब्बीची चिंता सुरू होते, तेव्हा पुष्कळदा काश्मीर, हिमाचल आणि गढवालात बर्फ पडत असतो. त्या बातमीचा प्रवाशासाठी अर्थ सरळ आहे. जोरदार बर्फ पडत असताना आणि तो थांबल्यावरचे पहिले २४ ते ४८ तास सर्वांत वाईट असतात, कारण नवे वजन खालच्या थरावर एकदम आलेले असते आणि ते बसायला वेळ मिळालेला नसतो. एका दिवसात फूटभर बर्फ पडला असेल तर तीव्र उतारांचा विचारच करू नये. वारा सुटला असेल तर आकाश निरभ्र असूनही भर पडतच राहते, कारण वारा कण्याच्या एका बाजूचा बर्फ उचलून दुसऱ्या बाजूला टाकत असतो. स्वच्छ निळे आकाश आणि पांढरा शुभ्र ताजा बर्फ हा फोटोसाठी सर्वांत मोहक दिवस आणि उतारावर जाण्यासाठी सर्वांत वाईट दिवस, हे दोन्ही बहुधा एकच असतात. ज्याच्या हाताशी दोन दिवस आहेत तो तेव्हा गावात थांबतो. ज्याची परवाची गाडी आहे तो निघतो.

इथे एक कबुली द्यायला हवी, नाहीतर हे म्हणणे अर्धवट राहील. दोन दिवस थांबल्याने नेहमीच सगळे ठीक होते असे नाही. पीर पंजालसारख्या तुलनेने उबदार, भरपूर बर्फाच्या रांगांत थर लवकर बसतात. पण लडाखसारख्या कोरड्या, अतिथंड भागात खालचा सुटा थर आठवडेच्या आठवडे तसाच राहू शकतो. त्या ठिकाणी उपाय वेळेचा नाही, उताराचा आहे. तिशीच्या आतले उतार निवडायचे आणि बाकीचे सोडून द्यायचे. तरीही मोकळे दिवस तिथेही उपयोगी पडतात, कारण लांबच्या सुरक्षित वाटेने वळसा घालायलाही वेळच लागतो.

गेल्या काही वर्षांतले अपघात हेच सांगतात. २८ फेब्रुवारी २०२५ च्या सकाळी उत्तराखंडातल्या माणा गावाजवळ सीमा रस्ते संघटनेच्या कामावरच्या मजुरांची छावणी हिमस्खलनाखाली गेली. ४६ जण वाचले, ८ जण गेले. चंडीगडची डिफेन्स जिओइन्फॉर्मेटिक्स रिसर्च एस्टॅब्लिशमेंट, म्हणजे डीजीआरई ही संरक्षण खात्याची संस्था हिमस्खलनाचे इशारे देते, आणि तिने आदल्याच दिवशी चमोलीसह उंचावरच्या भागांसाठी इशारा दिला होता. इशारा होता, पण माणसे त्याच जागी होती. यातून प्रवाशाने दोन गोष्टी घ्यायच्या. एक, इशारा वाचून उपयोग होतो तो खाली सरकायला जागा आणि दिवस असेल तरच. दुसरी, ही माणसे कुठला कडा चढत नव्हती, ती मुक्कामाला होती. सुटलेला बर्फ उताराच्या पायथ्याशी थांबत नाही, सपाटीवर बराच पुढे येतो. म्हणून तंबू कुठे लागणार हा प्रश्न वाट कुठून जाणार याइतकाच महत्त्वाचा आहे. आदल्या वर्षांच्या स्खलनांच्या खुणा झाडांवर वाचता येतात. एखाद्या पट्ट्यात झाडे मुळीच नसणे, ती सगळी उताराच्या दिशेने वाकलेली असणे, खोडाच्या वरच्या अंगाच्या फांद्या मोडलेल्या असणे, यांतली कुठलीही खूण दिसली की तिथे मुक्काम करायचा नाही.

४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये गंगटोक–नाथू ला रस्त्यावर झालेल्या हिमस्खलनात ७ पर्यटक गेले. ते गिर्यारोहक नव्हते, गाडीने आलेली माणसे होती. परवाने तेराव्या मैलापर्यंतच दिले होते आणि लोक पंधराव्या मैलापर्यंत गेले होते, असे प्रशासनाने त्या वेळी सांगितले. नाथू ला, सोलंग, गुलमर्ग इथे सहकुटुंब जाणाऱ्यांनी हा प्रसंग विशेष लक्षात ठेवावा. रस्त्याकडेला थांबून वरच्या उतारावर दहा-वीस पावले चढणे, मुलांना घसरगुंडी खेळू देणे, ड्रायव्हरला आणखी थोडे पुढे नेण्याचा आग्रह करणे, या सगळ्या गोष्टी आपण सहलीचा भाग समजतो. बर्फाच्या दृष्टीने सहल आणि मोहीम यांत भेद नाही. ड्रायव्हर थांबतो म्हणाला की थांबायचे, अडथळा लावलेला असेल तर त्याच्या अलीकडे राहायचे.

यावर नेहमी येणारा आक्षेप असा की आमच्यासोबत गाईड असतो, तो जाणकार असतो, आम्ही कशाला डोके लावायचे? स्थानिक गाईडच्या अनुभवाला खरोखर मोल आहे. परंतु उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा गट ४ ऑक्टोबर २०२२ रोजी द्रौपदी का दांडा–२ या शिखरावर हिमस्खलनात सापडला आणि २९ जणांना प्राण गमवावे लागले. त्यांत त्याच वर्षी एव्हरेस्ट आणि मकालू ही दोन्ही शिखरे गाठलेल्या सविता कंसवाल प्रशिक्षक म्हणून होत्या. देशातल्या नावाजलेल्या संस्थेचा, प्रशिक्षकांसह निघालेला गट जर सापडू शकतो, तर कौशल्य हा धोक्यावरचा संपूर्ण उतारा नाही, हे मान्य करावे लागते. शिवाय व्यावसायिक ट्रेकमध्ये गाईडवर आपणच दबाव आणतो. पैसे भरले आहेत, समिट झालेच पाहिजे, परवा गाडी आहे, असे वीस जण एका सुरात म्हणाले की नाही म्हणणे त्याला जड जाते. त्याला नाही म्हणण्याची मोकळीक देणे हे आपले काम आहे, आणि ती मोकळीक बोलण्याने मिळत नाही, वेळापत्रकात दिवस असल्याने मिळते. म्हणून पैसे भरण्यापूर्वी आयोजकाला विचारा: वेळापत्रकात राखीव दिवस आहे का? डीजीआरईचे आणि हवामान खात्याचे इशारे रोज कोण पाहतो? वाटेत ३० अंशांहून तीव्र उतार कुठे कुठे लागतात आणि त्यांना पर्यायी वाट आहे का? वरून परत फिरायचा निर्णय कुणाचा आणि तो झाला तर पैशांचे काय? या प्रश्नांना नीट उत्तरे देणारा आयोजक थोडा महाग असला तरी तोच निवडावा. चिंता करू नका, सगळे सुरक्षित आहे, एवढेच सांगणाऱ्याकडे जाऊ नये.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. केदारकांठ्याला दर हिवाळ्यात हजारो जण जातात आणि हसतखेळत परत येतात, मग एवढी भीती कशाला? हे निरीक्षण खरे आहे आणि त्याचे कारणही आहे. तिथली नेहमीची वाट बरीचशी जंगलातून आणि सौम्य उतारांवरून जाते, म्हणूनच ती हिवाळ्यासाठी लोकप्रिय झाली. पहिल्यांदा बर्फात जाणाऱ्याने अशीच वाट निवडावी, असाच माझा सल्ला आहे. अडचण पुढे होते. एकदा केदारकांठा सुखरूप झाला की आपल्याला बर्फ कळतो अशी खात्री वाटू लागते आणि पुढच्या वर्षी त्याच खात्रीने एखादी उंच खिंड निवडली जाते. हिमस्खलनाच्या बाबतीत अनुभव खोटे शिकवू शकतो, कारण धोकादायक उतारही शंभरांतले बहुतेक दिवस माणसाला सुखरूप जाऊ देतो. सह्याद्रीत मुरलेल्यांनाही हेच लागू आहे. हरिश्चंद्रगड किंवा कळसूबाई भर पावसात केलेल्याच्या पायांत ताकद असते, दरडीची जाणीव असते, घसरड्या खडकाचा अंदाज असतो. यातले काहीही त्याला बर्फाच्या पोटातला सुटा थर दाखवत नाही. उलट दमदार माणूस गटाच्या पुढे जातो आणि उतारावर पहिले वजन त्याचेच पडते.

तरीही कोणी गाडला गेला तर? इथे आकडे निष्ठुर आहेत. पूर्ण गाडलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढले तर वाचण्याची शक्यता नव्वद टक्क्यांच्या आसपास असते. अर्ध्या तासानंतर ती एक तृतीयांशाच्याही खाली घसरते. बहुतेक मृत्यू थंडीने होत नाहीत, गुदमरून होतात. थांबलेला बर्फ इतका घट्ट होतो की हाताने उकरता येत नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये सियाचीनच्या सोनम चौकीवर दहा जवान बर्फाखाली गेले, त्यांत साताऱ्याच्या माण तालुक्यातले सुनील सूर्यवंशी होते. लान्स नाईक हनुमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनी जिवंत सापडले आणि साऱ्या देशाने त्यांच्यासाठी प्रार्थना केली, पण ११ फेब्रुवारीला त्यांचेही निधन झाले. अशा एका बातमीवरून मदत येईपर्यंत माणूस तग धरतो असा समज करून घेऊ नये. हेलिकॉप्टर तासांच्या हिशेबात येते, हवा मिनिटांत संपते. म्हणून वाचवणारे सोबतीच असतात, आणि त्यांच्याकडे तीन वस्तू असाव्या लागतात. प्रत्येकाच्या अंगावर चालू असलेला, गाडलेल्याची जागा शोधून देणारा ट्रान्सीव्हर, बर्फात खुपसून शोधायची लांब घडीची सळई म्हणजे प्रोब, आणि धातूचे फावडे. यांतली एक नसली तरी बाकीच्या दोन बऱ्याच अंशी निरुपयोगी ठरतात. तीव्र बर्फाळ उतारांच्या मार्गावर नेणारा आयोजक ही साधने देत नसेल आणि सराव करून घेत नसेल, तर त्या मार्गावर जाऊ नये. माणूस शेवटचा कुठे दिसला ती जागा नजरेत पक्की धरून तिथून खाली शोधत जायचे, सापडला की आधी तोंड-नाक मोकळे करायचे, छातीवरचा भार काढायचा, श्वास नसेल तर तोंडाने श्वास देत छातीदाब सुरू करायचे. हे कृत्रिम श्वसन वैद्यकीय महाविद्यालयाच्या मुलांना येते. त्यांनी ते निघण्यापूर्वी गटातल्या बाकीच्यांना शिकवावे.

प्रत्यक्ष वाटेवर पाळायच्या गोष्टी थोड्याच आहेत. समोरच्या किंवा शेजारच्या उतारावर ताजे स्खलन दिसले, पायाखालून थर दबल्याचा घुमणारा आवाज आला, पावलापासून भेग लांब पळत गेली, किंवा हवा एकाएकी उबदार झाली, तर बर्फ स्पष्टपणे बोलला आहे. तिथून आल्या वाटेने परतायचे, चर्चा नंतर करायची. संशयास्पद पट्टा ओलांडणे टाळताच येत नसेल तर एकेकाने ओलांडायचा, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून त्याच्यावर नजर ठेवायची. घळीत आणि नाल्याच्या पात्रात थांबायचे नाही, कारण थोडासा बर्फही तिथे खोल साचतो. घोळक्याने फोटो काढायचे असतील तर ते जंगलात किंवा रुंद, सपाट धारेवर काढावेत.

हेमकुंडच्या यात्रेकरूंचा प्रश्न ऋतूमुळे वेगळा दिसतो, पण मुळात तोच आहे. गुरू गोविंदसिंगांनी पूर्वजन्मी जिथे तप केले असे शीख परंपरा मानते ते हेमकुंड, आणि १७०८ मध्ये त्यांनी देह ठेवला ते नांदेड, ही दोन टोके जोडणारी यात्रा अनेकांच्या आयुष्यातली मोठी इच्छा असते. दार उघडते मेच्या अखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला, तेही सैन्याच्या जवानांनी वाटेवरचा बर्फ कापून काढल्यावर. त्या वेळी वरच्या उतारांवर हिवाळ्याचा बर्फ असतोच आणि तो दिवसभराच्या उन्हाने ओला, जड होत जातो. ४ जून २०२३ च्या संध्याकाळी अटलाकोटीजवळ बर्फ सुटून एका यात्रेकरू महिलेचा मृत्यू झाला. गोठलेली पहाट ही ओल्या बर्फाची सुरक्षित वेळ आणि दुपार-संध्याकाळ ही धोक्याची, म्हणून घांघरियाहून पहाटे निघावे आणि बर्फाचे पट्टे दुपारपूर्वी मागे टाकावेत. वर मुक्कामाची सोय नाही आणि दुपारी परत पाठवले जाते, त्या नियमामागेही शहाणपण आहे. शक्य असेल तर दार उघडल्याबरोबर गर्दी करण्यापेक्षा जूनच्या उत्तरार्धात जावे. एवढ्या लांब येऊन दर्शनाशिवाय कसे परतायचे, असे कुणी म्हणेल. या ओढीचा मी पूर्ण आदर करतो, आणि म्हणूनच म्हणतो की घांघरियाला एक जादा रात्र आधीच धरून ठेवा. वाट बंद झाली तर दुसऱ्या दिवशी दर्शन होईल. जादा रात्र नसलेल्यालाच जिवावर उदार होणे किंवा दर्शनाविना परतणे यांतून निवड करावी लागते.

उरतो रजेचा आणि खर्चाचा प्रश्न, आणि तो खोटा नाही. नोकरदाराला आठ दिवसांची रजा मोठ्या मिनतवारीने मिळते. पण उपाय रजा वाढवण्याचा नाही, बेत आखूड करण्याचा आहे. आठ दिवसांत सहा दिवसांचा मार्ग निवडावा, जास्त उंच आणि लांबचा सोडून द्यावा. राखीव दिवस लागले नाहीत तर सांकरीसारख्या गावात, देवदारांच्या सावलीत घालवावेत. ते वाया जात नाहीत. परतीचे तिकीट दोन दिवस पुढचे काढावे. विमा घेताना पॉलिसीत किती उंचीपर्यंतचा प्रवास धरला आहे आणि हेलिकॉप्टरने केलेली सुटका धरली आहे का, हे वाचून घ्यावे. आणि निघण्यापूर्वी घरी एक कागद ठेवावा. त्यावर मार्ग, प्रत्येक मुक्कामाचे गाव, आयोजकाचा आणि गाईडचा फोन, कुठल्या दिवशी किती वाजेपर्यंत तुमचा फोन येणार, आणि तो आला नाही तर किती तास थांबून कुणाला कळवायचे, हे सगळे असावे. ११२ हा क्रमांक देशभर चालतो, पण नांदेडहून लावलेला ११२ महाराष्ट्रातच लागेल. म्हणून ज्या जिल्ह्यात जाणार तिथल्या जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा पूर्ण दूरध्वनी क्रमांक एसटीडी कोडसह आधीच शोधून त्या कागदावर लिहावा. राखीव दिवसांचा उल्लेखही त्यात ठळक करावा, म्हणजे तुम्ही बर्फ बसण्याची वाट पाहत गावात थांबला असाल तेव्हा घरची माणसे विनाकारण घाबरणार नाहीत.